इर्जिकीची काहील

मी, आनंदराव रायबा, राहणार मौजे गुंजवणे, संस्थान भोर, धंदा शेती व पाटीलकी, पूर्ण शुद्धीवर असून, कोणाच्या दाबाखाली नसून, दम पुरतो आहे तोवर हे मृत्युपत्र स्वहस्ते लिहून ठेवतो.

१. राहते घर व ओढ्याकाठची भातखाचरे थोरला मुलगा मानसिंग याची. धाकटा बाजी देवाघरी गेला. त्याची बायको सगुणाबाई हिला वरचा माळ व दुभती म्हैस. तिच्या वाट्याकडे कोणी डोळा वर करून पाहू नये.

२. भाऊबंद सोनबा याने माझा बांध कोरून जी जमीन खाल्ली, ती त्याला लखलाभ. मात्र माझ्या तिरडीपुढे त्याने गळा काढू नये. त्याला मुद्दाम साक्षीला बसवले आहे, म्हणजे हे त्याला ऐकावेच लागेल.

३. पाटीलकी वतनाची, ती थोरल्याकडे जाणारच. पण गाव कशाने चालते, यावर आमच्या घरात कधी एकमत झाले नाही. वडील म्हणत, धाक हवा. माझी कारभारीण बाळाबाई म्हणे, माणसाला नावाने हाक मारली की तो येतो. घरच्यासारखा जुना सोबती रखमाजी म्हणतो, रक्तातच असावे लागते. मानसिंग भोरला शिकला. तो म्हणतो, हुकूम स्वच्छ हवा आणि काम वाटून द्यावे. यातले खोटे एकही नाही, पण एवढ्याने भागत नाही.

४. ओढ्यावरचा बांध दरसाल वैशाखात इर्जिकीने होतो. सारा गाव बैल, फावडी घेऊन येतो, मजुरी घेत नाही, पाटलाच्या भल्या थोरल्या काहिलीत शिजलेली आमटी जेवतो. बोलावणारा वाढतो आणि सगळ्यांच्या मागून जेवतो. गेल्या साली भोरचे पाहुणे आले, म्हणून मानसिंग त्यांच्याबरोबर पहिल्याच पंगतीला बसला. लोकांनी ते पाहिले, जेवले आणि बैल घेऊन घरी गेले. यंदा त्याने घरोघर सांगावा धाडला, तर आमचे घरचे गडी तेवढे आले. बांध अर्धाच राहिला, आषाढात फुटला आणि बांधाखालच्या फुलाबाईच्या खाचरात वाळू भरली. तिचे वर्षाचे भात गेले. मानसिंग अजून म्हणतो, लोक आळशी झाले.

रखमाजी आत्ताच म्हणाला, "आनंदा, पोराला बोलवून सांग की सरळ. हितं कागूद कशाला काळा करतोस?"

मी म्हणालो, "सांगितल्यावर कुनीबी थांबंल. पोटात भूक असताना आपसूक थांबला, तरच त्यो पाटील."

"आन् न्हाई थांबला तर?"

त्याचे उत्तर पुढच्या कलमात आहे. मानसिंग माझा जीव आहे.

५. हा कागद रखमाजीने जवळ ठेवावा व माझ्या तेराव्याची पंगत उठेपर्यंत उघडू नये. त्या दिवशी पाहुणे "पाटील, बसा आता" म्हणून मानसिंगचा हात ओढतील. तो पहिल्या पंगतीला बसला, तर हा कागद कोणा शिकलेल्याकडून सगळ्यांसमोर वाचून घ्यावा. काहील सगुणाबाईकडे जावी आणि इर्जिकीची हाक यापुढे तिने द्यावी. बाईमाणूस म्हणून कोणी नाक मुरडले, तर त्याने बांध एकट्याने घालून दाखवावा.

पण तो वाढत राहिला, शेवटचा माणूस हात धुऊन उठल्यावर त्याने आपले पान मांडले, तर चौथे व हे कलम कातरून चुलीत घालावे. कागदाला भोक पडले तरी चालेल. काहील घराबरोबर त्याचीच. बापाने आपल्यावर शंका घेतली होती, हे माझ्या पोराला जन्मात कळू नये.

सही : आनंदराव रायबा, दस्तुरखुद्द

साक्षी :
रखमाजी, निशाणी नांगर
सोनबा, निशाणी नांगर (दुसरे कलम तेवढे ऐकले)

मुक्काम गुंजवणे, मार्गशीर्ष वद्य पंचमी, शके १८६०