एक्केचाळीस पुस्तकांचा ग्रंथपाल

३ जानेवारी १९५५, सोमवार

आजचा दिवस आमच्या सिंधी निर्वासितांच्या कॅम्पातल्या इस्पितळाच्या इतिहासात नोंदला जाईल. निदान या वहीत तरी नोंदतोच. मुंबईहून दोन खोकी आली. आत डॉक्टर लोकांसाठी नवी कोरी इंग्रजी पुस्तकं, एकूण एक्केचाळीस. आमचे सुपरिंटेंडेंट डॉ. गिदवाणी स्वतः माझ्या केसपेपरच्या खिडकीशी आले आणि म्हणाले, "टिपणीस, ये किताबें जरा संभालो." एवढंच म्हणाले. बाकीचं त्यांच्या चेहऱ्यावर होतं. ग्रंथपालपदी नेमणूक! सहा वर्षं त्या खिडकीत बसून पेशंटांची नावं लिहिली, त्याचं फळ.

सहा महिन्यांत कल्याणपासून कर्जतपर्यंतचे डॉक्टर इथे वाचायला येतील. घरी अंबरनाथला जाऊन कुमुदिनीला सांगितलं. तिनं विचारलं, पगार वाढला का? बायकांना पदाची कल्पना नसते.

४ जानेवारी

घात झाला. सकाळी खोकं उघडतोय तोच तरुण सर्जन डॉ. थधानी आले. एका हातात दाल-पकवान. दुसऱ्या हातानं पुस्तक उचललं आणि उभ्याउभ्याच वाचायला लागले! यकृताच्या रंगीत चित्रावर डाळ सांडली. मी ओरडलो. ते म्हणाले, "यार टिपणीस, किताब पढने के लिए है." हीच मनोवृत्ती देशाला मागे खेचते.

बरॅकीच्या टोकाची खोली मिळवली. काचेचं कपाट मिळवलं. कुलूप माझं.

७ जानेवारी

सर्व पुस्तकांना खाकी कागदाची कव्हरं घातली. आयाबाई जिवलीनं मदत केली. ही बदलापूरकडच्या डोंगरातल्या वाडीतली, अक्षरशत्रू. कव्हर घालताना प्रत्येक पुस्तकातली चित्रं बघत बसते. दोनदा टोकलं. म्हणाली, "साहेब, चितार बघाय पैसं पडतात कं?"

कव्हरांवर नावं लिहिलेली नाहीत. नाव दिसलं की माणसाला पुस्तक हाताळावंसं वाटतं. फक्त नंबर.

८ जानेवारी

नंबर कशावरून द्यायचे, यावर काल बराच विचार केला. विषयवार लावावं तर विषय कळले पाहिजेत. मग सुचलं. वजन! वजनात मतभेद होत नाहीत. प्रसूती वॉर्डातला तान्ह्या बाळांचा काटा आणला. सर्वांत हलकं तो नंबर एक. नंबर एक्केचाळीस भरलं सहा पौंड दोन औंस. सिस्टरनं आरडाओरडा केला की दोन बाळं खोळंबली आहेत. बाळांची वजनं काय, रोज बदलतात.

११ जानेवारी

रजिस्टर पूर्ण. कुठल्या नंबरचं पुस्तक कोणतं, ते मोडी लिपीत लिहिलं आहे, म्हणजे उगाच कुणी परस्पर शोधाशोध करणार नाही. आमच्या घराण्याचं मोडी वळण तालुक्यात प्रसिद्ध होतं.

नियमही लावले. वाचनाची वेळ दुपारी अडीच ते पावणेतीन. आधी साबणानं हात धुऊन ग्रंथपालांना दाखवणे. पुस्तकासाठी मागणीपत्र तीन प्रतींत.

१५ जानेवारी

वाचक : शून्य. शिस्तीचा परिणाम दिसू लागला आहे. पुस्तकं अगदी स्वच्छ.

१९ जानेवारी

वाचक : एक. डॉ. थधानी अडीच वाजता आले. हात दाखवले. डाव्या अंगठ्याच्या नखाखाली आयोडीन होतं. परत पाठवले. धुऊन आले तेव्हा दोन सत्तेचाळीस झाले होते. मला वाईट वाटलं, पण नियम मीच केलेला. मोडला तर माझीच अब्रू जाते. ते सिंधीत काहीतरी म्हणाले. सूर कृतज्ञतेचा नव्हता.

२२ जानेवारी

ठरलं. २६ जानेवारीला, झेंडावंदनानंतर, उद्घाटन. कॅम्पातल्या कापडवाल्याकडून लाल फीत आणली, दोन वार. गिदवाणीसाहेबांना आमंत्रण दिलं. ते म्हणाले, "देखेंगे." म्हणजे येणार. भाषण लिहायला घेतलं. सतरा पानं झाली, अजून प्रस्तावनेतच आहे.

२६ जानेवारी, बुधवार

सविस्तर लिहितो, कारण पुढे यावरून वाद होतील.

झेंडावंदन झालं. कपाटाला कुलूप, त्यावर फीत, फितीला झेंडूचा हार. मी कोट घालून उभा. श्रोत्यांत जिवली. साहेब येईनात.

साडेनऊला बाहेर गलका. जिवलीच्याच भागातल्या, बारवीकडच्या वाडीतून नवसू नावाच्या गड्याला बैलगाडीतून आणि पुढे ट्रकमधून आणलं होतं. पहाटे पेंढ्याशी झोपला असताना काहीतरी चावलं. सूज नाही, रक्त नाही. पण पापण्या मिटायला लागलेल्या, जीभ जड. त्याची बायको भिकी नुसती "डोलं उघडा, डोलं उघडा" म्हणत होती.

डॉ. थधानी धावत माझ्याकडे आले. सापाच्या विषावरचं औषध इस्पितळात होतं, पण बाटलीबरोबरचा माहितीचा कागद गहाळ, आणि असला पेशंट त्यांनी पूर्वी पाहिला नव्हता. "किती द्यायचं, कसं द्यायचं, किताब में है. निकालो!"

मी अत्यंत शांतपणे मागणीपत्र पुढे केलं. तीन प्रती.

त्यांनी फीत हातानं तोडली. हार माझ्या बुटावर पडला. कुलूप मात्र मीच उघडलं, हे इथे नमूद करतो. (त्यांनी स्टूल उचललं होतं.)

आत एक्केचाळीस खाकी पुस्तकं. डॉक्टर बघतच राहिले. म्हणाले, "कौन सी?" मी रजिस्टर उघडलं. आमचं मोडी वळण फारच वळणदार असल्यामुळे काही ठिकाणी मलाच लागेना. एका ओळीत 'उष्ण प्रदेशातील रोग' असावं किंवा 'उंटावरील रोग'. नंबर सत्तावीस किंवा सदतीस. मी सत्तावीस काढलं. दातांवरचं निघालं. सदतीस काढलं. बाळंतपण. डॉक्टरांनी पुस्तकं खाली फेकायला सुरुवात केली. वॉर्डातून सिस्टरची हाक आली की श्वास मंदावतोय.

तेवढ्यात जिवली पुढे झाली. तिनं खालच्या फळीवरून एक पुस्तक ओढलं, मधेच उघडलं आणि डॉक्टरांपुढे धरलं. पानभर साप. एका काळ्या सापावर बोट ठेवून म्हणाली, "ह्यो मण्यार. नवसूला ह्योच चावलाय. आमच्याकडं पेंढ्यात ह्योच असतो." डॉक्टर पुस्तक घेऊन पळाले. हात न धुता.

मी मागोमाग गेलो, पुस्तकाच्या काळजीनं. पुस्तक खाटेवर उघडं पडलेलं. डॉक्टर एक डोळा पानावर ठेवून सुई देत होते. सिस्टर दोन्ही हातांनी नवसूची छाती दाबून श्वास चालवत होती. ती दमली तेव्हा डॉक्टरांनी माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाले, "कोट उतारो." मी उतरवला. दाबत राहिलो. किती वेळ, माहीत नाही. भिकी माझ्या हातांकडे बघत होती. मी नियमांचा विचार केला नाही, ही चूक झाली.

दुपारी साडेतीनला नवसूनं डोळे उघडले. पाणी मागितलं.

एकंदरीत उद्घाटन डॉ. थधानी यांच्या हस्ते यशस्वीरीत्या पार पडलं. भाषण राहिलं.

२७ जानेवारी

हात दुखतात. पुस्तकाचं पुन्हा वजन केलं. अर्धा औंस वाढलं आहे. ओलं झालं असावं.

३१ जानेवारी

शुक्रवारी गिदवाणीसाहेबांनी बोलावलं. बढतीच असणार म्हणून इस्त्रीचा शर्ट घालून गेलो. साहेब म्हणाले, कव्हरं काढा, पुस्तकं डॉक्टरांच्या खोलीत उघड्या फळीवर ठेवा, कुलूप नको. म्हणजे ग्रंथालयाचा विस्तार. मी विचारलं, ग्रंथपालांची खुर्ची कुठे मांडू? ते म्हणाले, "कौन ग्रंथपाल?" साहेबांना मराठी शब्द कळत नाहीत.

जिवलीला पुस्तकं पुसण्याचं काम नेमून दिलं. ती आणि डॉ. थधानी मिळून फळ्या लावतात. ती चित्र सांगते, डॉक्टर विषय लिहितात. पद्धत अशास्त्रीय आहे. आज पाच वाचक होते म्हणे.

तूर्त खिडकीत बसतो आहे. तात्पुरतं.

९ फेब्रुवारी, बुधवार

नवसू तपासणीला आला, चालत. खांद्याला वालाच्या शेंगांची पिशवी. मी ओळखलं. आभार मानायला आला असणार. खिडकीतून थोडं बाहेर वाकून म्हणालो, की बाबा, माणूस ग्रंथांनीच वाचतो, आणि ग्रंथ कुणीतरी जपावे लागतात. त्यानं शांतपणे ऐकून घेतलं. मग भिकीला विचारलं, हे कोण? ती म्हणाली, "ते कागद देनारं साहेब." आणि मला म्हणाली, "आमची जिवली कुठं असते, ते सांगा."

डावीकडे तिसरी खोली, सांगितलं. केसपेपर दिला. मागे रांग होती.

संध्याकाळी जिवली ओंजळभर शेंगा देऊन गेली. कुमुदिनीनं विचारलं, कुणी दिल्या? एका पेशंटनं, मी म्हणालो. ती म्हणाली, बसा मग सोलायला.

बसलो.