जड पात्याची कुदळ

रॉकव्हिल, मेरीलँड
रविवार, ९ ऑक्टोबर १९८८

प्रिय सुमेधा,

सकाळपासून तीनदा फोन वाजला आणि तिन्ही वेळा मी उचलला नाही. तूच असणार, रविवारी सकाळी मला फोन करणारं दुसरं आहे कोण! अर्ध्या तासाच्या अंतरावर राहतेस आणि तरी पत्र लिहिते आहे, कारण समोर आलीस की तू आधी माझ्या हातच्या चहाचं कौतुक करशील आणि मग माझ्या तोंडून खरं काही निघायचं नाही.

बुधवारी तुझी चौकशी आहे, हे मला राजीवकडून कळलं. तू सांगितलं नाहीस म्हणून रागच आला. खरं तर हल्ली तुझा राग यायला मला कारण लागत नाही. राजीव तुझ्याच बँकेच्या कॉम्प्युटर विभागात बसतो आणि साऱ्या इमारतीच्या बातम्या घरी आणतो. ‘सुमेधा इज इन ट्रबल यार, युगांडाच्या कुदळी गोडाउनमध्ये पडून आहेत, कुणी घेतच नाही. तो देश तिच्याकडून काढून घेणार,’ असं म्हणाला आणि दही मागितलं. मी वाढलं.

तुला आठवतं, एम.ए.ला मी पहिली आले होते आणि तू दुसरी? तू माझ्या वह्या घेऊन जायचीस आणि पानांवर तेलाचे डाग पाडून परत आणायचीस. मग अकरा वर्षांपूर्वी माझं लग्न झालं आणि मी राजीवच्या व्हिसावर इथे आले. तू पीएच.डी.ला आलीस आणि तिथून बँकेत गेलीस. माझ्या व्हिसावर नोकरी करायची परवानगी नाही, हे मी लोकांना इतक्या वेळा हसत हसत सांगितलं आहे की आता ते हसूच माझं झालं आहे. तू प्रत्येक दौऱ्याला ‘मिशन’ म्हणायचीस, आणि मी त्या दिवसांत शैलाच्या शाळेच्या बेक सेलसाठी केक भाजायची.

तरी तुझं काम मला तोंडपाठ होतं. कर्ज म्हटलं की माझ्या आईच्या डोळ्यांपुढे सावकार येतो. तुझ्यामुळे मला कळलं की लढाई संपलेल्या देशाला कर्ज द्यायचं म्हणजे आधी टायर, साबण, लॉऱ्यांचे सुटे भाग आणि कुदळी द्यायच्या. तिथे जमीन आहे, पाऊस आहे, पण बाईच्या हातात खणायला काही नाही, असं तू माझ्या डायनिंग टेबलाशी बसून सांगायचीस. तुझं अक्षर कुणाला लागत नाही, म्हणून ऑफिसच्या टायपिस्टकडे जाण्याआधी तुझ्या पिवळ्या कागदांची स्वच्छ प्रत मी काढून द्यायची. कागद घरी न्यायची मनाई होती, हे दोघींनाही ठाऊक होतं. नुसती प्रतच नाही गं, तुझी लांबलचक वाक्यं मी तोडायची, आकड्यांचा मेळ मी बसवायची. तू म्हणायचीस, ‘वीणा, यू आर अ जीनियस,’ आणि कोट घालून निघून जायचीस.

गेल्या गणपतीत मंडळात तू युगांडाच्या स्लाइड्स दाखवल्यास. मी आत मसालेभात ढवळत होते. बाहेरून तुझा आवाज येत होता, आणि त्यातली निम्मी वाक्यं माझी होती. लोकांनी टाळ्या वाजवल्या. शैला धावत आत आली आणि म्हणाली, ‘आई, सुमेधा मावशी इज सो कूल!’ मी तिला म्हटलं, हात धू आणि पानं घे. भात त्या दिवशी खाली लागला होता. कुणी बोललं नाही, पण मला माहीत आहे.

मला सगळ्यात जास्त हेवा वाटला तो तुझ्या बुटांचा, हसू नकोस. गेल्या वर्षी मार्चमध्ये तू विमानतळावरून थेट आमच्याकडे आलीस आणि बूट दाराशी काढलेस. टाचांना तांबडी माती वाळून चिकटली होती. तू आत जेवत होतीस, आणि मी चादर आणायच्या निमित्ताने दाराशी जाऊन त्या मातीला बोट लावून पाहिलं. कागदावर मी त्या देशाचे रस्ते मैलांसकट ओळखत होते, पण माती पहिल्यांदा पाहिली.

त्याच खेपेला तू पिवळे कागद ठेवून गेलीस. शेवटच्या पानाच्या समासात पेन्सिलीने लिहिलं होतंस की मसाकाच्या बाजारात एका बाईने हलकी कुदळ उचलली, हातात तोलली आणि परत ठेवली. म्हणाली, हिने माझी जमीन नुसती खाजवली जाईल. खाली तू लिहिलं होतंस, स्वस्त पडली तरी हलकी घेऊ नये, जड पात्याचीच मागवावी. मी ते पाच वेळा वाचलं. माझी सगळी हुशारी स्वल्पविरामात गेली सुमेधा, आणि तुझ्या त्या दोन ओळींसाठी त्या बाजारात त्या बाईसमोर उभं राहावं लागत होतं. मी ते प्रतीत उतरवलं नाही. परिशिष्ट लांबतंय, असं मनाशी म्हटलं. ते खोटं होतं, आणि म्हणताना मला कळत होतं.

प्रत न्यायला आलीस त्याच संध्याकाळी तुझं दुसरं विमान होतं. तू प्रत न वाचताच टायपिस्टकडे दिलीस, कारण ती वीणाने पाहिली होती. मागवणाऱ्यांनी सगळ्यात स्वस्त कुदळ मागवली, म्हणजे हलकी.

दोन आठवड्यांपूर्वी तू माझ्याकडे येऊन रडलीस. ‘मी लिहिलं होतं गं, आय कॅन स्वेअर. पण फाइलमध्ये नाहीये. मे बी मी विसरलेच असेन. त्या बाईचा चेहरासुद्धा आठवतोय मला.’ मी तुझ्या पाठीवरून हात फिरवला. म्हटलं, होतं असं, किती धावपळ करतेस. तुला पोहे करून दिले, वर नारळ घातला. आणि तुला सांगते, मला बरं वाटत होतं. अकरा वर्षांत पहिल्यांदा तुझी कीव करायची पाळी माझी होती, आणि ती मला आवडली. तू गेल्यावर मी गाणं गुणगुणत भांडी घासली.

तो पिवळा कागद मी टाकला नव्हता. पाककृतींच्या वहीत, बेसनाच्या लाडवांच्या पानाशी, दीड वर्ष होता. का ठेवला, ते मला विचारू नकोस. सकाळी तो काढून राजीवपुढे ठेवला आणि त्याला सगळं सांगितलं. तो एवढंच म्हणाला, ‘माझी नोकरी जाईल वीणा,’ आणि गाडी धुवायला गेला. अजून धुतोच आहे.

कागद सोबत ठेवला आहे. मूळच आहे, प्रत काढलेली नाही. संध्याकाळी तुझ्या बिल्डिंगच्या डेस्कवर पाकीट ठेवून मी निघून जाईन, वर येणार नाही. बुधवारी तो त्यांच्यापुढे ठेव. कागद घरी नेलेस म्हणून बोलतील, ते ऐकून घे. पण त्या बाईचं तू ऐकलं नाहीस, असं कुणाला म्हणता येणार नाही. ओळ कुणी गाळली, असं विचारतीलच. तेव्हा मला सांभाळून घेऊ नकोस. पूर्ण नाव सांग, आडनावासकट. त्या फायलींत कुठेतरी माझं नाव असावं, असं मला फार वाटायचं. येऊ दे आता.

तुझी, अजूनही तुझ्यावर जळणारी,
वीणा