एकोणीसपैकी चार

प्रिय ताई,

वीतभर आतडं आणि त्याला लागून असलेल्या एकोणीस गाठी, एवढं ऑपरेशनमध्ये देऊन मी हॉस्पिटलच्या या खाटेवर पडलोय. माझे कान तुला ठाऊकच आहेत. चाळीस वर्षं पंप न उघडता नुसत्या आवाजावरून बिघाड सांगत आलो, कधी चुकलो नाही.

आज पडद्यापलीकडे डॉक्टर तुझ्या भावजयीला हळूच म्हणाले, “चार गाठींत कॅन्सर पसरलाय. केमो द्यावीच लागेल.”

ती डोळे पुसून आत आली. “सगळं साफ निघालं हो! फक्त ताकदीच्या सलाइनसाठी अधूनमधून यायचंय.”

“मग? म्हटलं नव्हतं?” मीही हसलो.

आता तिला माझ्यासमोर रडता येत नाही आणि मला तिच्यासमोर घाबरता येत नाही. पोटात नळी असल्यामुळे कूस बदलून तोंड लपवायचीही सोय नाही. हे तुला कळवलं तर तू लगेच तिला फोन करशील, म्हणून पत्र उशीखालीच ठेवतोय.

पहिल्यांदा रक्त पडलं तेव्हा तू म्हणालीस, “दाखवून ये रे.” मूळव्याध आहे, असं मीच ठरवून टाकलं. त्याला नऊ महिने झाले.

तुझा,
पंपवाला