मेळ्यावर फुलं टाकायला निघालेलं विमान

९ डिसेंबर

'पायलटचा फाजील आत्मविश्वास' — असं छापलंय पेपरात! माझा लखन रिकाम्या गल्लीतसुद्धा सायकलची घंटी वाजवत जायचा. त्याला म्हणे फाजील आत्मविश्वास!

पाच दिवस झाले. सारंगखेड्याच्या घोडेबाजाराचं उद्घाटन होतं. विमानातून फुलं टाकायची — समितीची हौस. छोटंसं विमान ढगात शिरलं, लखनचा ताबा सुटला, तापीकाठच्या उसात येऊन पडलं. लखन गेला. मागे टोपल्या धरून बसलेला दानियलही गेला. त्याची बहीण नवापूरहून आली होती. माझा हात धरून नुसती बसून राहिली.

१२ डिसेंबर

चौकशीचे साहेब येऊन गेले. ढग पाहून लखनने सकाळी दोनदा नकार दिला होता! हे नाही छापत कुणी. मग म्हणे सारंगखेड्याहून फोन आला, 'इथे आभाळ मोकळं आहे', आणि तो निघाला.

लखन निघाला त्या धावपट्टीवर हवामान सांगणारं कुणी नाही. जिथे जायचं तिथल्या माणसाला फोनवर विचारायचं, ही त्यांची पद्धत! पाहुण्यांना विचारावं तसं — पाऊस आहे का हो तिकडे? अशी उडवतात विमानं?

"फोन कोणाचा, काही कल्पना?" साहेबांनी विचारलं. मी नाही म्हटलं. लखनचा मोबाईल जळाला. कॉलची यादी मागवलीय, आठवडा तरी लागेल.

१३ डिसेंबर

त्याचा तिसरीतला स्वेटर सापडला. कोपरावरचं रफू माझंच. अजून पक्कं आहे.

१४ डिसेंबर

पवनच. दुसरं कोण? समितीचा सेक्रेटरी. त्या सकाळी मंडपात कानाला फोन लावूनच फिरत होता. आज तक्रार लिहून दिली, नावासकट. अक्षर मुद्दाम सुंदर काढलं. शाळेत सिस्टर म्हणायच्या, हेमांगी, रागाने अक्षर बिघडू द्यायचं नाही.

१७ डिसेंबर

पवनला ठाण्यात बसवून ठेवलंय. बाजारात लोक त्याला तोंडावर खुनी म्हणाले. म्हणू देत!

दुपारी त्याची आई आली, निर्मलाबाई. आत ये म्हटलं नाही. ओट्यावरच बसली.

"बहीण, मन्हा पवननी फोन करेलच नही."

"मग माझा लखन वेडा होता का, उगाच निघायला?"

"तुन्हा लखन मन्हा हातनी भाकर खायेल शे. मी त्याले नाव ठेवसू का? पन मन्हा पोर्‍याले काबरं फसाडतस?"

आणि रडली. माझ्या दारात! मुलगा माझा गेला, आणि रडायला ही! तिला पाणीसुद्धा विचारलं नाही. ती गेल्यावर तांब्या भरून ओट्यावर ठेवून आले. का, कुणास ठाऊक.

१९ डिसेंबर

पवन अजून सुटला नाही. त्याच्या बायकोने मेळ्यातलं दुकान आवरलं म्हणतात. मी काय करू? मी सांगितलं होतं का फुलं टाका म्हणून!

२० डिसेंबर

कॉलची यादी उद्या येणार. पवनचा नंबर त्यात नसेल.

फोन मी केला होता. सातपुड्याकडे काळं दिसत होतं मला. तरी म्हटलं, "मोकळं आहे रे, ये." आजूबाजूच्या बायकांना सांगून ठेवलं होतं, वरून माझा लखन जाणार आहे.