खाकी कव्हरातले खून

आई,

बाबा आता केअर होममध्ये असतात, आणि तू गेल्याचं ते विसरले आहेत. हे पहिल्याच वाक्यात लिहिलं, कारण तूच तसं शिकवलं होतंस. आधी प्रेत कुठं पडलंय ते सांग, पाऊस पडत होता की नाही ते नंतर. पाऊस पडतोच आहे. रेडमंडमध्ये या दिवसांत दुसरं काय होणार.

आपण इथे अमेरिकेत आलो तेव्हा मी तिसरीत होते. बाबा सकाळी गाडी घेऊन निघायचे ते अंधार पडल्यावर परतायचे, मी शाळेत, आणि तू त्या दोन खोल्यांच्या अपार्टमेंटमध्ये. साताऱ्याला भरल्या वर्गात मराठी शिकवणारी बाई, आणि इथे ऐकायला फक्त फ्रिजची घरघर. खालच्या मजल्यावरच्या म्हातारीचा नवरा वारला होता आणि ती मुलीकडे राहायला निघाली होती. तिनं तुला जिन्यात गाठून विचारलं, वाचतेस का. तू हो म्हणालीस, आणि संध्याकाळी मासिकांची तीन खोकी आपल्या दाराशी आली. तिच्या नवऱ्यानं तरुणपणी जमवलेली, लगद्याच्या स्वस्त कागदावर छापलेली गुप्तहेरकथांची मासिकं. प्रत्येक कव्हरवर एक बाई, तिचा झगा खांद्यावरून घसरलेला, आणि मागे भिंतीवर पिस्तूलवाल्याची सावली.

बाबांनी एक उचलून बघितलं आणि लगेच पालथं ठेवलं. “अगं, हे काय आणलंस? शनिवारी लोक यायचेत घरी.”

“तिनं वाचतेस का विचारलं, मी हो म्हटलं. काय वाचतेस ते तिनं विचारलंच नाही.”

“मग परत दे.”

“कशाला? कव्हरं घालते.”

आणि घातलीस. जूनमध्ये शाळेच्या पुस्तकांना घालावीत तशी. दुकानात कॅशियरनं पिशवी कागदी की प्लास्टिकची ते विचारायच्या आत तू ‘पेपर, प्लीज’ म्हणायचीस, घरी आणून त्या खाकी पिशव्या उभ्या फाडायचीस, छापील बाजू आत घेऊन नखानं घडी घालायचीस. मासिकांचे कणे उसवत होते, पानांच्या कडा पापडासारख्या मोडत होत्या, म्हणून तू नुसत्या घडीवर थांबली नाहीस. मैद्याची खळ केलीस आणि तुझा खाकी कागद मूळ कव्हरवर सगळीकडून चिकटवून टाकलास. मग प्रत्येकावर लेबल. नाव, आणि खाली ठळक अक्षरांत ‘विषय: इंग्रजी’. हॉलमधल्या शेल्फवर ती ओळीनं उभी राहिली, एखाद्या मास्तरांच्या घरात असावीत तशी. महाराष्ट्र मंडळातल्या एक काकू त्यातलं एक मुलाच्या अभ्यासाला म्हणून घेऊन गेल्या. बाबांनी आठवडाभर फोन उचलला नाही. काकू पुढच्या शनिवारी आल्या, मासिक पदराआडून तुझ्या हातात दिलं आणि हळूच म्हणाल्या, “याचा दुसरा भाग आहे का हो?”

तू ती डिक्शनरी घेऊन वाचायचीस, मांडीवर कागदाचा पिवळा भुगा सांडत. त्या गोष्टींमधला डिटेक्टिव्ह तुला आवडायचा आणि त्याची काळजीही वाटायची. भाड्याचं ऑफिस, एकच खुर्ची, हातात ग्लास. “हा कधी जेवत नाही,” तू म्हणायचीस. “नुसती कॉफी आणि दारू. खून कुणी केला ते याला कळतं, पण दोन घास कुठं मिळतील ते काही शेवटपर्यंत कळत नाही. म्हणून असा खवळलेला असतो.” बाबा म्हणायचे, “त्याला डबा पाठवतेस का?” आणि तू खरंच विचार केल्यासारखं करून म्हणायचीस, “पत्ता नीट देत नाहीत हो.”

माझं मराठी राहिलं ते त्या स्वयंपाकघरामुळे. तू पोळ्या लाटायचीस आणि मी ओट्याशी उभी राहून, तू मला वाचायला दिलेल्या पानांतली गोष्ट मराठीत सांगायची. अट एकच: शेवटची पोळी तव्यावरून उतरायच्या आत गोष्ट संपली पाहिजे. मी पाल्हाळ लावला की तू लाटणं थांबवायची नाहीस, उलट हात जोरात चालवायचीस. “दोनच गोळे उरलेत. अजून दारच वाजतंय तुझं.” मग मी घाईघाईनं खुनी पकडायची. पुढे वर्तमानपत्रात कामाला लागले तेव्हा सगळे नवे लोक डेडलाइनला घाबरायचे. मला कणकेचे गोळे दिसायचे. संपादक म्हणायचे हिची बातमी कधी उशिरा येत नाही, हिला कुणी शिकवलं. मी कॉलेजचं नाव सांगायची.

आणि ती शाळेतली भेट. मी वर्गात तोंड उघडत नाही म्हणून बाईंनी तुम्हा दोघांना बोलावलं होतं. बाबा ऑफिसमधून आलेच नाहीत. बाई गोड आवाजात गोल गोल बोलत होत्या, ही किती शांत आहे, किती गुणी आहे. तू थोडा वेळ ऐकून घेतलंस, पर्स मांडीवर सरळ केलीस आणि त्या मासिकांतल्या डिटेक्टिव्हच्या इंग्रजीत म्हणालीस, “लेव्हल विथ मी, सिस्टर.” म्हणजे, काय ते खरं सांगून टाक, बाई. साडी, वर बाबांचं जाकीट, कपाळावर टिकली. बाईंचा चेहरा मला अजून दिसतो. आधी त्या दचकल्या, मग हसल्या, आणि मग हसणं आवरून त्यांनी खरं ते सांगितलं. मुलं मला चिडवतात, मी डबा बाथरूममध्ये बसून खाते.  घरी येताना बसमधून उतरताना तू म्हणालीस, “सरळ विचारलं की लोक सरळ सांगतात. आपल्याकडे इतकं सरळ विचारता येत नाही.”

हा सरळपणाच तुला त्या गोष्टींमध्ये सापडला होता, असं मला आता वाटतं. एकदा तू म्हणालीस, “मराठीत माणूस जातो, वारतो, देवाघरी जातो. यांच्यात नुसता मरतो. बरं वाटतं वाचायला.” प्रत्येक गोष्टीत एक जागा यायची. डिटेक्टिव्ह कुणाच्या तरी घराची बेल वाजवतो, बाई दार उघडते, आणि तो तिला सांगतो की तुझा नवरा मेला. आडवळण नाही, खांद्यावर हात नाही. टोपी मात्र काढतो. तेवढी पानं तू मला सांगायला लावायची नाहीस, स्वतः मोठ्यानं वाचायचीस. मी वर्तमानपत्रात बरीच वर्षं मृत्युलेख लिहिले. लोक फोन करून सांगायचे, ‘मरण’ लिहू नका, ‘शांतपणे निघून गेले’ असं लिहा. मी ऐकून घ्यायची आणि ‘मरण पावले’ लिहायची. तुझाही मीच लिहिला. पहिलं वाक्य तुला आवडलं असतं. त्यात विशेषण नव्हतं.

तू गेल्यावर बाबांनी तुझी मासिकं वाचायला घेतली. जन्मभर त्यांना ‘तुझी खुनाखुनी’ म्हणणारा माणूस. रिटायर झाल्यावर रोज जेवण झालं की शेल्फवरून एक काढायचे, संपलं की जागच्या जागी ठेवून पुढचं. मी एकदा विचारलं, आवडतात का. म्हणाले, “आवडायचं काय त्यात. ती वाचायची तेव्हा मी शेजारी बसून टीव्ही बघत होतो.” 

त्यांना विसरायला होऊ लागलं ते आधी किल्ल्या, मग रस्ते, मग इंग्रजी. ज्या भाषेत त्यांनी जन्मभर प्रोग्रॅम लिहिले, मीटिंगा घेतल्या, ती एकेका खोलीतला दिवा घालवत जावं तशी गेली. होममधल्या नर्सशी ते मराठीत बोलतात आणि ती हसून मान हलवते. म्हणून मी रोज दुपारी जाते, तुझं एखादं मासिक उघडते आणि इंग्रजी ओळ डोळ्यांनी वाचून मराठीत बोलते. तुझ्या ओट्यापाशी करायची तेच. ते मासिक वरून हातानं चाचपतात, लेबलवरून अंगठा फिरवतात आणि डोळे मिटून ऐकतात. मध्येच विचारतात, “हा जेवला का?” मी म्हणते, “नाही अजून.” ते म्हणतात, “तिला सांगायला हवं.”

मागच्या हिवाळ्यात त्यांनी पहिल्यांदा विचारलं, ती कुठे आहे. मी तुझी मुलगी. खुर्ची जवळ ओढली, सरळ बघितलं आणि सांगितलं, “बाबा, आई मरण पावली. बरीच वर्षं झाली.” त्यांनी ते ऐकलं, आणि ते त्या क्षणी पहिल्यांदाच ऐकत होते. हॉस्पिटलच्या कॉरिडॉरमध्ये तेव्हा जसा आवाज आला होता त्यांच्या घशातून, अगदी तसाच आवाज आला. संध्याकाळपर्यंत ते विसरले होते. फक्त जेवले नाहीत, आणि का जेवत नाही ते त्यांना सांगता येत नव्हतं. नर्सनं दुसऱ्या दिवशी मला बाजूला घेऊन विचारलं, काल काही झालं का.

डिटेक्टिव्ह बेल वाजवतो ती एकदाच, आई. तो दुसऱ्या दिवशी त्याच दारात परत जात नाही. ते त्या मासिकांत कुठेच नाही. मी शोधलं.

त्यानंतर बाबांनी विचारलं की मी पान उलटायची, किंवा चहा आणायला उठायची, आणि परत येईपर्यंत प्रश्न विसरलेला असायचा.

महिन्याभरापूर्वी तुमचं घर रिकामं करायला घेतलं. एका जुन्या मासिकांच्या दुकानदाराला शेल्फ दाखवलं. सभ्य माणूस. त्यानं तुझं लेबल वाचायचा प्रयत्न केला, काय लिहिलंय विचारलं, मी सांगितलं तेव्हा मनापासून हसला. मग म्हणाला, लोकांना आतल्या गोष्टी नको असतात, कव्हरवरची चित्रं हवी असतात, आणि ती सगळी या कागदाखाली आहेत. एक नेऊन बघतो म्हणाला. ओलसर फडकी आणि खूप वेळ, असं काहीतरी केलं त्यानं. परत आणलं तेव्हा मासिकावर पिवळ्या झग्यातली बाई होती, हातात विझलेला कंदील, रंग कालच लावल्यासारखे. इतकी वर्षं उजेड लागला नव्हता ना. तुझ्या खळीनं ते जपलं होतं, असं तोच म्हणाला. तुझा कागद मात्र निघताना तुकडे तुकडे झाला होता. पाकिटात घालून त्यानं ते तुकडेही दिले. लेबलची शाई पसरली होती.

ते मासिक बाबांकडे नेलं. हौसेनंच नेलं. म्हटलं बघा तरी, आईनं काय झाकून ठेवलं होतं. त्यांनी हात लावला, गुळगुळीत लागलं तसा हात मागे घेतला. “हे आपलं नाही.” मी वाचायला सुरुवात केली तर कुशीवर वळले. दुसऱ्या दिवशीही तेच. शेल्फवरचं बाकीचं सगळं त्यांनी ऐकलं असतं, पण मी त्या एकावरच अडून बसले होते. मी दुकानदाराला फोन करून सांगितलं, राहू द्या, शेल्फ माझ्याकडेच येईल. आणि काल टेबलावर बसून त्या पिवळ्या झग्यावर कव्हर घातलं. खळ लावली नाही. नुसती घडी. ‘विषय: इंग्रजी’ लिहिलं, तुझ्या अक्षरासारखं काढायचा प्रयत्न केला.

आज दुपारी ते त्यांच्या हातात दिलं. त्यांनी अंगठा फिरवला, लेबलवरून खाली आले, कोपऱ्याशी थांबले. तिथं परत मागे गेले. नखानं घडी उचलून बघितली, एखाद्या गोष्टीतल्या डिटेक्टिव्हनं कॉलरची घडी बघावी तशी. इतक्या महिन्यांत त्यांना एवढं जागं मी बघितलं नव्हतं.

“हे तिनं घातलेलं नाही,” बाबा म्हणाले. “तिचा कोपरा असा नसतो. ती आधी तिरकी घडी घालते, मग सरळ.”

“मी घातलं, बाबा.”

“तेच म्हणतो. तिला का नाही दिलंस घालायला?” आणि मान उचलून खोलीत बघून घेतलं, पलंग, खिडकी, दार. “ती कुठे आहे?”

या वेळी चहाचं निमित्त चाललं नसतं. ते माझ्याकडे बघत होते, सरळ, आणि सरळ विचारत होते. तू मला शिकवलंस तसं अख्खं वाक्य माझ्या तोंडात तयार होतं, विशेषणाशिवाय.

“दुकानात गेलीय,” मी म्हटलं. “कागदी पिशव्या आणायला.”

त्यांनी मान हलवली. पटलं त्यांना. थोड्या वेळानं खिडकीकडे बघून म्हणाले, “छत्री नेलीय का तिनं?”

“हो.”

“मग वाच पुढे. येईल ती.”

मी वाचलं. हे पत्र कुठे पाठवायचं ते मला माहीत नाही, तूच म्हणायचीस तसं, पत्ता नीट देत नाहीत. त्या पाकिटात, तुझ्या कागदाच्या तुकड्यांबरोबर ठेवीन. एवढंच सांगायचं राहिलं की वाचताना मध्ये एकदा कॉरिडॉरमध्ये पावलं वाजली, आणि बाबांबरोबर मीही दाराकडे बघितलं.