आईसमोर बोलायचं इंग्रजी

८ ऑक्टोबर, मंगळवार

धाकटा भाऊ केल्विन आज हॉस्पिटलात आईच्या खाटेशी उभा राहून तिच्याच आजाराबद्दल माझ्याशी बोलला. आमची नेहमीची पद्धत — वाक्य आपलं कँटोनीज, आणि जिथे दुखेल तिथे इंग्रजी. लिव्हरमध्ये स्प्रेड झालंय, डॉक्टर मोक म्हणतात केमो चालू ठेवायची की स्टॉप, पुढच्या शुक्रवारी कन्फर्म करा. एवढं सगळं तिच्या उशाशी! आई भिंतीवरचा टीव्ही बघत होती. आवाज बंद केलेला.

आईला इंग्रजी येत नाही. तिची उमेदीची वर्षं सगळी विगच्या कारखान्यात गेली. म्हणून हा आमचा पडदा — शब्दांचा. तिला सांगितलंय, पोटात सूज आहे. केमोला आम्ही टॉनिक म्हणतो. टॉनिकने केस गेले. दुसऱ्यांसाठी जन्मभर केस विणलेली बाई, तिने एका शब्दाने विचारलं नाही. आम्ही तरी किती हुशार!

९ ऑक्टोबर

संपादकांचा फोन — हो त्यांचं आडनाव. "हल्लीची पोरं दर वाक्यात इंग्रजी कोंबतात, त्यावर झोडपून लिहा बाई. तुमच्या स्टाइलने."

लिहिलं. आपल्याकडे प्रश्न विचारायचा तर शब्द एकदा म्हणायचा, मग 'म' — म्हणजे 'नाही' — मग पुन्हा तोच शब्द. इंग्रजी शब्द हाती लागला की पोरं पहिलं अक्षर तोडून त्याचीही अशीच मान मुरगळतात. कॅन-म-कॅन्सल? हॅ-म-हॅपी? — म्हणजे खूश की नाखूश? गोरे साहेब गेले, त्यांची भाषा आपल्या खाटकाच्या ओट्यावर राहिली, असा शेवट केला.

हो साहेब फोनवर खो-खो हसले. "हॅ-म-हॅपी?" मी विचारलं. आणखी हसले. मला काही वाटलं नाही. हल्ली वाटतच नाही. दाताच्या डॉक्टरने इंजेक्शन दिल्यावर गाल बधिर होतो ना, तसं — चावला तरी कळत नाही, नंतर रक्ताची चव लागते फक्त.

१० ऑक्टोबर

आई जेवली नाही. मीही नाही. केल्विनने दोघींचं संपवलं.

११ ऑक्टोबर, चुंग यौंगची सुट्टी

सकाळी बाबांचं थडगं झाडलं. भाजलेलं डुक्कर, संत्री, उदबत्त्या. अख्खं हाँगकाँग आपापल्या मेलेल्यांकडे निघालेलं, बसला ही रांग! तिथून थेट हॉस्पिटल.

आणि तिथे केल्विनने घोळ घातला. स्कॅनचा निकाल मला सांगायला गेला — "रिपोर्ट फेइ-लो."

'फेल' आमच्या तोंडात फेइ-लो होतं. आणि फेइ-लो म्हणजे जाड्या. शाळेत नापास झालेली पोरं जाड्या होऊन घरी येतात. पण आमच्या बाबांनाही सगळी गल्ली फेइ-लोच म्हणायची. आईसुद्धा.

आईने मान वळवली. "काय म्हणाला फेइ-लो?"

केल्विनचा चेहरा भाताच्या पेजेसारखा. पेपरात मंत्र्यांना सोलणारी मी — मलाही हे एवढंच सुचलं. "काही नाही गं. सकाळी जाऊन आलो ना. बाबा बरे आहेत म्हणतोय."

"बरा आहे? मेलेला माणूस बराच असतो. मला बोलावतोय का?"

"छे! काहीतरीच काय!"

"बोलावेल. मेल्याला जेवण गरम करून घेता येत नाही."

केल्विन पाणी आणतो म्हणून गेला. पाण्याचा जग आईच्या उशाशी भरलेला होता.

१३ ऑक्टोबर

कोपऱ्यावरच्या चहाच्या दुकानात केल्विन भेटला. लोणी घातलेला पाव त्याने मागवला आणि नुसता कुस्करत बसला.

"ताई, चान्स आहे अजून. आपण गिव्ह-अप करायचं नाही."

"आईला विचारू या."

"शुअ-म-शुअर तू? कळलं तर त्याच दिवशी खचेल ती! तू काय, दगड आहेस. मला नाही जमणार."

दगड. बरं.

हे सगळं आपण इंग्रजीत का म्हणतो, हे लेखात घालायचं राहिलं. बसमध्ये पायावर पाय पडला की सॉरी. तेच आपल्या भाषेत म्हटलं तर समोरचा घाबरतो. इंग्रजी शब्द शेजाऱ्याच्या बश्यांसारखे — हातून पडले तरी आपला सेट शाबूत. केल्विन गेली कित्येक वर्षं फोन ठेवताना आईला 'लव्ह यू' म्हणतो. आपल्या भाषेत एकदा म्हणून दाखव म्हणावं!

ठरलं: आणखी एक डोस. म्हणजे त्याने ठरवलं. मी चहा संपवला.

१४ ऑक्टोबर

लेख छापून आला. वॉर्डातली नर्स वाचून हसली. आईने वाचून दाखव म्हटलं. दाखवला. हसली नाही. "यात तू कुठे आहेस?" म्हणाली.

१६ ऑक्टोबर

आईचं मनगट माझ्या दोन बोटांत मावतं.

"शुक्रवारी काय आहे गं? केल्विन इस्त्रीचा शर्ट घालून येणार म्हणत होता."

"टॉनिक पुढे द्यायचं की नाही, ते ठरवायचंय."

"तुला काय वाटतं?"

"मला काही वाटत नाही, आई."

खोटं इतकं बोलून झालंय, हे एक खरं निघून गेलं तोंडातून. तिने माझा हात थोपटला. जसं काही खाटेवर मीच आहे.

१८ ऑक्टोबर, शुक्रवार

केल्विनने सांगितलं, केमो चालू ठेवा. डॉक्टर मोकनी चष्मा काढला. म्हणाले, "आईंनी मला सगळं विचारून घेतलंय, अगदी सुरुवातीलाच. पहिल्या डोसनंतर बंद करा म्हणाल्या होत्या. दुसऱ्या दिवशी म्हणाल्या, राहू दे, चालू ठेवा — मुलांची अजून तयारी नाही. आज सकाळी मात्र बंद करायला सांगितलं. म्हणाल्या, थोरली आता तयार आहे. धाकट्याला ती सांभाळेल."

मी तयार नाही.