चौकातला पुठ्ठ्याचा बाण

थॉर्नकोट
२७ मे १९८३

चि. लिनेट हिस आजीचे आशीर्वाद.

तुझं पत्र पोचलं. अक्षर कोंबडीनं पाय पुसल्यासारखं आहे, पण नर्सबाई होणार म्हटल्यावर चालायचंच. मी बरी आहे, गुडघा सोडून.

आता तुझ्या सायकलवाल्यांचं. पाच तारखेच्या रविवारी ती पलटण पुन्हा माझ्या दारावरून जाणार. मॉरिस टॅपली कालच येऊन चौकातला खांब न्याहाळून गेला. चाळीस वर्षं या खेड्यापाड्यांतून सायकलवर टपाल वाटलं, आता घरी बसायचं तर पाय वळवळतात. वीस मैलांचा रस्ता आखायचा आणि त्या दिवशी पहाटे स्वतः फिरून वळणावळणावर पुठ्ठ्याचे बाण बांधायचे. तुमच्या मंडळाला तो देव. मला विचार. गेल्या वर्षी पन्नास जणांनी सायकली माझ्या भिंतीला टेकवल्या, माझ्या नळाचं पाणी प्याले, फाटक उघडं टाकून गेले, कोंबड्या रस्त्यावर, आणि एका तोकड्या चड्डीवाल्यानं घेवड्याच्या वाफ्यात बूड टेकलं. दुसऱ्या दिवशी मॉरिसनं येऊन काठ्या पुन्हा उभ्या केल्या, त्याच्या त्या अवघड गाठीनं बांधून दिल्या, हे खरं. पण मोडलेला घेवडा गाठीनं उभा राहत नाही.

यंदा काठ्या मीच बांधल्यात. आणि यंदा माझ्या भिंतीशी कुणी थांबणार नाही, लिहून ठेव.

जेवत जा वेळेवर. माया आहे तेवढी पुरवून वापर.

तुझी आजी,
ऑलिव्ह ग्रिब्ल


वेलस्टन
७ जून १९८३

ती. आजीस लिनेटचा सा. न.

रविवारचं तुला कळलं असेलच, पण नीट कळलं नसेल म्हणून लिहिते. तुझ्या चौकात बाण चुकला. वर टेकडीकडे दाखवायचा तो खाली ओढ्याच्या वाटेकडे दाखवत होता. तेवीस जण त्या उतारावरून खाली गेले. तुला ती वाट माहीत आहे, ओढा रस्त्यावरूनच वाहतो आणि खालचे दगड शेवाळलेले. नेहमीसारखे सगळ्यांच्या मागे मिस्टर टॅपली होते. चौकात आले, आपलाच बाण पाहिला आणि त्यांना परत बोलवायला तसेच खाली सुटले. एकाहत्तराव्या वर्षी. ओढ्यात चाक घसरलं आणि खांद्याजवळचं हाड मोडलं.

मी इथे सभागृहात चहाची भांडी मांडून वाट बघत होते. आले ते भिजलेले, चिखलातले, आणि चिडलेले.

काल मंडळाची बैठक झाली. कुणी खोडसाळपणा केला असेल असं एक जण म्हणाला, तर मिस्टर टॅपलींनी स्वतःच इस्पितळातून निरोप धाडला होता की बाण त्यांनी बघितलाय, गाठ त्यांचीच आहे, तशी गाठ दुसरं कुणी मारत नाही. तेव्हा चूक त्यांचीच. मग ठराव आला की यापुढे रस्ता दुसऱ्या कुणीतरी आखावा. हात वर करणाऱ्यांत मी होते, आजी. मी असंही म्हणाले की हल्ली ते थोडे विसरतात. खरं तर ते माझं नाव एकदाच चुकले होते.

तुझा गुडघा जपून वापर. लोभ राहू दे, मला त्याची या आठवड्यात गरज आहे.

तुझी लिनेट


थॉर्नकोट
११ जून १९८३

चि. लिनेट हिस आशीर्वाद.

एका बाणाचं काय घेऊन बसलीस. हाडं जुळतात. माझं मनगट तू जन्मायच्या आधी मोडलं होतं, त्याच हातानं आज लिहितेय.

पाऊस नाही. तांबडी कोंबडी अंड्यावर बसलीय आणि सगळ्यांना टोचतेय. रुबार्बचे आंबट देठ फार झाले म्हणून त्यांचा मुरांबा केला. पाववाल्याच्या गाडीतून एक बरणी पाठवतेय, ती मॉरिसला नेऊन दे. कुणी दिली ते सांगायचं कारण नाही.

लिहायला फार काही नाही. सांभाळून राहा.

आजी


वेलस्टन
२० जून १९८३

ती. आजीस सा. न.

बरणी पोचवली. तू आयुष्यात कुणाला मुरांबा दिलेला मी पाहिला नाही. बाबा सांगतात, त्यांच्या लग्नातसुद्धा तू बरणी परत मागितली होतीस.

मिस्टर टॅपली आता मुलीकडे, मार्जरीकडे आहेत. तिनं त्यांची सायकल मागच्या खोलीत ठेवून कुलूप घातलंय. त्यांचं घर विकायला काढायचं म्हणतेय आणि पुढच्या आठवड्यात डोक्याच्या डॉक्टरांकडे नेणार आहे. ते नको म्हणत नाहीत. हेच मला बघवलं नाही. चाळीस वर्षांत एक पत्र चुकीच्या दारी टाकलं नाही असं सांगणारा माणूस, आता मार्जरी म्हणेल ते बरं म्हणतो. सगळे नकाशे त्यांनी मला देऊन टाकले. मोडका हात गळ्यातल्या झोळीत आणि दुसऱ्या हातानं खुर्चीच्या दांडीवर सुतळीची गाठ मारत बसले होते. मारायची, बघायची, सोडायची. मला म्हणाले, हात तर अजून बरोबर चालतोय.

ती गाठ मी नीट पाहिली. दोन वेढे आणि शेवट आतून वर काढलेला. अशी गाठ मी आणखी एकाच ठिकाणी पाहिलीय. मेमध्ये आले होते तेव्हा, तुझ्या घेवड्याच्या काठ्यांवर.

यंदा त्या काठ्या तू बांधल्यास ना, आजी?

लिनेट


थॉर्नकोट
२४ जून १९८३

चि. लिनेट,

हो.

आशीर्वाद मागे ठेवलाय, आधी हे वाच. मॉरिसनं गेल्या वर्षी बांधलेल्या काठ्या मी हिवाळ्यात सोडल्या नव्हत्या. गाठ इतकी चांगली बसली होती की ती कशी मारलीय ते बोटांनी उलगडून उलगडून शिकले. त्या रविवारी तो बाण बांधून गेला आणि चहा संपायच्या आत मी जाऊन तो सोडला, खाली वळवला आणि त्याच्याच गाठीनं परत बांधला. साध्या गाठीनं बांधला असता तर दुसऱ्याच मिनिटाला सगळ्यांना कळलं असतं. म्हणजे मी विचार करून केलं. म्हातारपणाचा झटका वगैरे म्हणू नकोस. मला वाटलं मोजे भिजतील, दोन-चार शिव्या घालतील आणि माझी भिंत मोकळी राहील. दुपारी मॉरिसला गाडीत घालून नेलं तेव्हा मी खिडकीच्या पडद्यामागे उभी होते. बाहेर आले नाही. तुझं अपघाताचं पत्र आल्यावरही गप्प बसले आणि मुरांबा ढवळला. ही माझी लायकी.

तुझं दुसरं पत्र वाचून बस धरली आणि मार्जरीच्या दारात गेले. तिनं चहा विचारला, मी नको म्हटलं. दोघांच्या समोर सांगितलं. मार्जरी काय काय म्हणाली ते लिहीत नाही, सगळं बरोबर होतं. मॉरिसनं सुतळी माझ्यापुढे धरली. खुर्चीच्या दांडीवर गाठ मारून दाखव म्हणाला. मी मारली. त्यानं ती बोटानं चाचपली, बराच वेळ. मग म्हणाला, "ऑलिव्ह, अडीच आठवडे मी रोज सकाळी उठून माझ्या मेलेल्या बायकोचं नाव आठवतंय का ते बघत होतो."

मला कुणी मारलं असतं तर बरं वाटलं असतं.

त्यानं मार्जरीकडे कुलपाची किल्ली मागितली. मला माफ केलं असं काही म्हणाला नाही आणि मीही माफी मागितली नाही. हे पत्र तुझ्या मंडळात सगळ्यांसमोर मोठ्यानं वाच. अक्षराला हसले तर हसू दे.

आता तो आशीर्वाद घे, नको असेल तर ठेव.

आजी


वेलस्टन
२८ जून १९८३

ती. आजीस.

वाचलं. कुणी हसलं नाही. ठराव मागे घेतला, या वेळी माझा हात सगळ्यांत आधी वर होता आणि पहिल्या वेळेपेक्षा जड होता. संध्याकाळी मिस्टर टॅपलींना नकाशे परत दिले आणि बैठकीत मी काय बोलले होते तेही सांगितलं.

तुझ्यावर मी अजून रागावलेली आहे. तरी बरणी धुऊन ठेवलीय.

मिस्टर टॅपलींचा एक निरोप आहे. सप्टेंबरच्या फेरीपर्यंत त्यांचा हात डोक्याच्या वर जाणार नाही. तुझ्या चौकातला बाण तू बांधायचास.

लिनेट


थॉर्नकोट
४ सप्टेंबर १९८३

चि. लिनेट हिस आशीर्वाद.

पहाटे मॉरिस आला. त्यानं बाण माझ्या हातात दिला आणि पुढच्या वळणाला निघून गेला. थांबून बघितलंसुद्धा नाही. बघितलं असतं तर सोपं गेलं असतं.

टेकडीकडे तोंड करून बांधला. घरात आले, किटली ठेवली आणि मला वाटलं, खालीच वळवला की काय. जाऊन पाहिलं, बरोबर होता. फाटकापर्यंत आले आणि परत गेले. मग पुन्हा. शेवटी खुर्ची बाहेर काढून खांबाजवळच बसले. सायकलवाले आले, एकेकानं सकाळच्या गार हवेत टोपीला हात लावला, एकही माझ्या भिंतीशी थांबला नाही. नळाला मी पेले लावून ठेवले होते. ते तसेच राहिले.

शेवटी मॉरिस आला. बाणाकडे नजर टाकली, नळाकडे वळला, एक पेला पाणी प्याला, पेला उपडा ठेवला आणि जाताना फाटक लावून घेतलं.

बाण अजून सोडलेला नाही. मघाशी पुन्हा एकदा जाऊन पाहिला.

येशील तेव्हा बरणी आण. माझी आठवण काढताना जरा हात आखडता घे, मी तेवढ्याच लायकीची आहे.

आजी